पॅनियर घेण्याआधी कॅरियर हलवून बघा

प्रश्न थोडक्यात असा: हायब्रिड (रेसिंग आणि डोंगरी सायकलच्या मधली) सायकल आहे, मागे साधा अ‍ॅल्युमिनियमचा कॅरियर आहे, पंधरा दिवसांची पहिली टूर ठरली आहे आणि तंबू-स्टोव्हसकट सामानाची यादी २४ किलोवर गेली आहे. मागे दोन मोठ्या पॅनियर बॅगा (कॅरियरच्या बाजूंना अडकवायच्या) लावून भागेल का, की पुढेही दोन लागतील? बॅगा कोणत्या घ्याव्यात? आणि पेडल मारताना टाच बॅगेला लागते म्हणतात, ते कसं टाळायचं?

बॅगांकडे येतोच, पण आधी एक काम करा. सायकलजवळ जा, एका हाताने सीट घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने कॅरियरचं मागचं टोक डावीकडे-उजवीकडे जोर लावून हलवा. रिकामा असतानाच तो बोटभर डुलत असेल, तर त्यावर कितीही भारी बॅग अडकवा, टूरभर सायकल लचकत राहणार. ‘बॅग उडते’, ‘हुक तुटला’, ‘उतारावर शेपूट हलतं’ या ज्या तक्रारी ऐकायला येतात, त्यांचं मूळ बहुतेक वेळा कॅरियरमध्ये असतं. बॅग बिचारी नुसती लटकलेली असते. म्हणून माझा सल्ला नेहमी उलट्या क्रमाने असतो: पैसे मोजकेच असतील तर चांगला कॅरियर आणि साध्या बॅगा घ्या. चांगल्या बॅगा आणि डुगडुगता कॅरियर ही जोडी नको.

कॅरियरवर ‘२५ किलो’ असा शिक्का असतो. तो आकडा खोटा नसतो, पण खड्ड्यात चाक आपटतं तेव्हा कॅरियरला बसणारा झटका त्या वजनाच्या कितीतरी पट असतो. मी स्वतः लिहिलेल्या आकड्याच्या दोन तृतीयांशावर थांबतो. म्हणजे २५ चा कॅरियर असेल तर सोळा-सतरा किलो, तंबू धरून. अ‍ॅल्युमिनियमचा कॅरियर हलका असतो, पण तडकतो तो आधी न सांगता, आणि बहुधा वेल्डिंगच्या जोडाशी. पोलादी नळीचा कॅरियर थोडा जड पडतो, पण आधी वाकतो, तुटलाच तर साधा वेल्डिंगवालाही तो जोडू शकतो. महिनाभराच्या किंवा खराब रस्त्यांच्या प्रवासाला मी डोळे झाकून पोलाद घेतो. पंधरा दिवस चांगल्या डांबरी रस्त्यावर जायचं असेल तर तुमचा अ‍ॅल्युमिनियमचाही चालेल, फक्त जोड एकदा फडक्याने पुसून नीट बघा. रंगाखाली केसासारखी रेघ दिसली तर तो कॅरियर टूरला नेऊ नका.

आता बोल्ट. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण टूर बंद पडते ती अशाच जागी. कॅरियरचे खालचे दोन पाय मागच्या चाकाच्या एक्सलजवळ फ्रेमला ५ मिलिमीटर जाडीच्या बोल्टने बसतात. वरचे दोन दांडे सीटखाली जातात, पण त्यांचं काम तोल धरण्याचं. सगळा भार खालच्या दोन बोल्टवर येतो. बोल्ट घट्ट असतो तेव्हा तो कॅरियरचा पाय आणि फ्रेम एकमेकांवर आवळून धरतो आणि भार त्या दोन पृष्ठभागांच्या घर्षणावर पेलला जातो. सैल झाला की तोच भार बोल्टच्या अंगावर येतो, प्रत्येक धक्क्याला तो केसभर वाकतो आणि सरळ होतो, आणि दोन-चारशे किलोमीटरमध्ये तुटू शकतो. थोडक्यात, तो कमजोर असतो म्हणून तुटत नाही, सैल राहतो म्हणून तुटतो.

माझा असाच तुटला होता. एका टूरच्या तिसऱ्या दिवशी मागून ‘टिक टिक’ असा बारीक आवाज यायला लागला. मला वाटलं चेन कोरडी पडली असेल, तेल घातलं आणि निघालो. तासाभराने एका साध्या गतिरोधकावर उजवी बॅग खाली बसली. बोल्टचं डोकं गेलेलं आणि उरलेला तुकडा फ्रेमच्या आट्यांत अडकलेला. तो काढायला ड्रिल लागतं, आणि ते रस्त्यात कुठून आणणार? कॅरियरचा पाय फ्रेमला चार झिप टायनी (प्लास्टिकच्या आवळपट्ट्यांनी) आवळला, उजव्या बॅगेतलं निम्मं सामान पाठीवरच्या छोट्या सॅकमध्ये घेतलं आणि पुढचे साठ किलोमीटर रांगत काढले. तेव्हापासून माझ्याकडे चार गोष्टी कायम असतात: ५ मिलिमीटरचे सहा जादा बोल्ट, ४ मिलिमीटरची षटकोनी अ‍ॅलन की, मूठभर झिप टाय आणि एक-दोन होज क्लॅम्प (पाइप आवळायची धातूची कडी). रोज सकाळी बॅगा चढवण्याआधी चारही बोल्टना की लावून बघायची. मिनिटभराचं काम आहे. बोल्ट बसवताना आट्यांना निळं थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा द्रव) लावलं तर ते सहसा ढिले होत नाहीत, आणि हवे तेव्हा साध्या कीने उघडतातही.

दोन बारकावे आणखी. मडगार्डची तार आणि कॅरियर एकाच बोल्टवर घ्यावे लागले, तर कॅरियरचा पाय फ्रेमला चिकटून असावा आणि तार बाहेर. मध्ये तार घातली की बोल्टला तरफेसारखा ताण बसतो. आणि उजवीकडचा बोल्ट फार लांब नको. तो आतून बाहेर डोकावला तर चेन सर्वांत लहान गिअरवर गेली की त्याला घासते, आणि तुम्ही दिवसभर गिअरच्या केबलला शिव्या देत बसता.

फ्रेमला कॅरियरची भोकंच नसतील तर रबर लावलेले पी-क्लिप (नळीभोवती आवळायच्या धातूच्या पट्ट्या) वापरून काम निघतं, हलक्या सामानापुरतं. सीटपोस्टला (सीटखालच्या दांड्याला) आवळायचा कॅरियर पॅनियरसाठी विसरा. फ्रेम कार्बनची असेल तर तिला काहीही आवळू नका.

टाचेचा प्रश्न घरबसल्या सुटतो. पेडलचे दांडे ज्या एक्सलवर फिरतात तिथपासून मागच्या चाकाच्या एक्सलपर्यंत फ्रेमची जी नळी जाते तिला चेनस्टे म्हणतात. टूरिंगसाठी बनवलेल्या सायकलींत ती साधारण ४५० मिलिमीटर किंवा थोडी जास्त असते, रेसिंग सायकलीत ४१० च्या आसपास. हायब्रिडची या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. ती जितकी आखूड, तितकी बॅग टाचेजवळ. बॅग विकत घेण्याआधी तिची लांबी-रुंदी बघून तेवढा पुठ्ठा कापा, कॅरियरला चिकटपट्टीने लावा, टूरला घालणार तेच बूट घालून सीटवर बसा, भिंतीला हात टेकवा आणि पेडल मागे फिरवा. टाच पुठ्ठ्याला लागली तर पुठ्ठा मागे सरकवा. बहुतेक बॅगांचे हुक पट्टीवर सरकवता येतात, त्यामुळे दोन-चार सेंटिमीटर सहज मिळतात. पण हाव धरू नका. बॅगेचा मध्य चाकाच्या एक्सलच्या फार मागे गेला की पुढचं चाक हलकं होतं आणि मागे लोलक लटकल्यासारखं वाटतं. एवढं सरकवूनही टाच लागत असेल तर पुढची कड तिरपी कापलेली बॅग घ्या, किंवा पुढच्या कॅरियरसाठीच्या लहान बॅगा मागे लावा. तुमचे पाय मोठे असतील तर हा शेवटचा उपाय सर्वांत सोपा.

बॅग निवडताना लोक खिसे मोजतात. मी आधी पाठ बघतो, म्हणजे कॅरियरकडची बाजू. तिथे दोन वरचे हुक असतात आणि खाली एक फिरणारी पट्टी किंवा चिमटा. वरच्या हुकात प्लास्टिकचे छोटे तुकडे बसवता येतात, कारण कॅरियरची नळी कुठे ८ मिलिमीटर असते, कुठे १०, कुठे १६. ते तुकडे कंपनी पिशवीत घालून देते आणि निम्मे लोक ती पिशवी उघडतच नाहीत. मग ८ च्या नळीवर १६ चा हुक खडखडत राहतो. हुक नळीवर बसताना ‘टक’ असा एकच आवाज आला पाहिजे आणि नंतर बॅग पकडून हलवली तर काहीच आवाज येता कामा नये. खालची पट्टी कॅरियरच्या उभ्या दांड्याच्या मागे अडकली पाहिजे. तिचं काम एवढंच की वळणावर किंवा खड्ड्यात बॅग बाहेर फेकली जाऊ नये. ती नुसती दांड्याला टेकवून ठेवली तर तिचा उपयोग शून्य. हे सगळं टूलने एकदाच बसवायचं असतं, त्यानंतर बॅग हँडल ओढून एका हाताने निघते आणि लागते.

कॅरियरच्या नळीवर हुक जिथे बसतात तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा किंवा इलेक्ट्रिकची टेप गुंडाळा. धूळ आणि कंप मिळून हुक कानशीचं काम करतो. मी एका जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या कॅरियरची नळी अशी अर्धी झिजलेली पाहिली आहे.

आता दोन की चार. आपण सीटवर बसतो तेव्हा अंगातलं निम्म्याहून जास्त वजन आधीच मागच्या चाकावर असतं. त्यात चोवीस किलो पुन्हा मागेच टाकले तर तीन गोष्टी होतात. मागच्या चाकाचे स्पोक तुटू लागतात, आणि तेही गिअरच्या बाजूचे, जे गिअरची दातेरी चक्रं काढल्याशिवाय बदलता येत नाहीत. चढावर पुढचं चाक रेषेत राहत नाही. आणि उतारावर वेग वाढला की हँडल स्वतःहून थरथरायला लागतं. पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना, एक्सलच्या पातळीवर खाली बसणारा लो-रायडर कॅरियर यासाठीच आहे. अमेरिकेतले कॅरियर बनवणारे जिम ब्लॅकबर्न यांनी तो लोकप्रिय केला. पुढे आणि तेही खाली वजन ठेवलं की हँडल जड लागतं खरं, पण सायकल रुळावर चालल्यासारखी सरळ जाते. पहिला अर्धा तास विचित्र वाटतं, नंतर रिकामी सायकलच अस्थिर वाटू लागते. माझी वाटणी साधारण अशी असते: एकूण वीस किलो असेल तर मागच्या दोन बॅगांत दहा, पुढच्या दोनांत सहा-सात, हँडलच्या बॅगेत दोन आणि कॅरियरवर आडवा तंबू.

पण थांबा. चार बॅगा घ्या असं मी लगेच म्हणणार नाही, कारण चार बॅगा घेतल्या की चार बॅगा भरतात. रिकामी जागा माणसाला बघवत नाही. ‘खोगीरभरती’ हा शब्द आपल्याकडे उगाच आलेला नाही. थॉमस स्टीव्हन्स १८८४ साली सॅन फ्रान्सिस्कोहून उंच चाकाच्या सायकलीवर निघाला आणि जगप्रदक्षिणा करून १८८६ च्या डिसेंबरात योकोहामाला पोचला. निघताना त्याच्याजवळ हँडलवरची एक बॅग होती, आणि तिच्यात मोजे, एक जादा शर्ट, तंबू आणि अंथरूण म्हणूनही चालणारा रेनकोट आणि एक पिस्तूल. तुम्ही पिस्तूल वगळा आणि स्टोव्ह घ्या, हरकत नाही, पण चोवीस किलो खूप झाले.

यादीतलं सगळं सामान जमिनीवर मांडा आणि तीन ढीग करा. रोज लागणारं. दोन-तीन दिवसांनी लागणारं. आणि ‘लागलंच तर’. तिसऱ्या ढिगात दुरुस्तीचं सामान, औषधं आणि पावसाचे कपडे एवढंच राहू द्या, बाकी कपाटात. माझ्या पहिल्या टूरला मी जीन्स नेली होती. पंधरा दिवसांत ती एकदा घातली, एकदा भिजली आणि उरलेले दिवस बॅगेच्या तळाशी ओल्या फरशी-फडक्यासारखी पडून राहिली. कपडे दोन जोड पुरतात: एक सायकलवरचा, एक उतरल्यावरचा. अंदाजाने वजन काढू नका. सामान उचलायचा लटकता काटा मिळतो, तो घ्या.

तो काटा आणखी एका कामाला येतो. डावी आणि उजवी बॅग स्वतंत्र लटकवून बघा. अर्ध्या किलोचा फरक कळत नाही, दीड किलोचा दिवसभर कळतो, सायकल एका बाजूला ओढत राहते आणि संध्याकाळी एकच मनगट दुखतं. जड वस्तू तळाशी आणि कॅरियरच्या बाजूला: स्टोव्ह, हत्यारं, जादा ट्यूब, डबे. हलकं आणि फुगणारं वर: स्लीपिंग बॅग, जाकीट. स्टोव्हचं इंधन खाण्याच्या सामानाच्या बॅगेत कधीही नको, ते वेगळ्या बॅगेत किंवा फ्रेमखालच्या बाटलीच्या पिंजऱ्यात. रेनकोट आणि पंक्चरचं सामान अशा जागी हवं की बाकी काही न उपसता हाताला लागेल, कारण या दोन्हींची गरज पावसातच पडते. प्रत्येक वस्तूची बॅग पहिल्या दिवशी ठरवा आणि मग बदलू नका. तिसऱ्या दिवसापासून अंधारात चाचपडूनही सापडतं.

एक चूक जिवावर बेतू शकते: लोंबणारे पट्टे. बॅग बंद करून उरलेला पट्ट्याचा शेंडा चाकाकडे लोंबत राहिला, तर तो स्पोकमध्ये जाऊन गुंडाळतो. मागच्या चाकात गेला तर सायकल थांबते, पुढच्यात गेला तर तुम्ही हँडलवरून पुढे जाता. उरलेला पट्टा आत खोचा किंवा कापून कड मेणबत्तीवर वितळवून घ्या.

वॉटरप्रूफबद्दल फार लिहीत नाही. तोंड गुंडाळून बंद करायच्या बॅगा उत्तम असतात. हार्टमूट ओर्टलीब या जर्मन तरुणाला १९८१ मध्ये इंग्लंडच्या पावसात सायकल चालवताना ट्रकवरची ताडपत्री बघून या बॅगांची कल्पना सुचली आणि १९८२ मध्ये त्याने कंपनी काढली. आजही बहुतेक वॉटरप्रूफ पॅनियर त्याच जातकुळीच्या असतात. तोंडाला किमान तीन-चार वेढे हवेत, बॅग ठासून भरून एकच वेढा घेतलात तर पाणी आत जाणारच. आणि पाणी बाहेरून आत येत नाही तसं आतून बाहेरही जात नाही. ओला टॉवेल आत ठेवला तर संध्याकाळी सगळ्या कपड्यांना वास. ओलं ते बाहेर, कॅरियरवर, जाळीखाली. साध्या कापडाच्या बॅगा असतील तर आत कचऱ्याची जाड पिशवी घाला. दिसायला बरं दिसत नाही, पण सामान कोरडं राहतं. वरून घालायच्या रेन कव्हरवर माझा भरवसा नाही. ती वाऱ्यात उडतात आणि चाकाने उडवलेलं पाणी मागून शिरतं.

निघण्याच्या दोन आठवडे आधी पूर्ण भरलेल्या सायकलवर चाळीस-पन्नास किलोमीटर जाऊन या. चढ-उतार आणि थोडा खराब रस्ता असेल असा मार्ग घ्या. ब्रेक लावून थांबायला किती जास्त अंतर लागतं ते मोकळ्या रस्त्यावर मुद्दाम तपासा. मागच्या टायरमध्ये हवा थोडी जास्त लागेल. उभं राहून पेडल मारायची सवय असेल तर ती मोडावी लागेल. भरलेली सायकल डावी-उजवीकडे झुलवता येत नाही, त्यामुळे बसून, हलक्या गिअरवर, पाय भरभर फिरवत चढायचं. उतारावर हँडल थरथरलं तर घाबरून ते आवळू नका. दोन्ही गुडघ्यांनी फ्रेमची वरची नळी दाबून धरा, सीटवरचं वजन थोडं उचला आणि मागचा ब्रेक हळूहळू लावा. थरथर थांबते. नंतर उतरून बोल्ट, हुक आणि वजनाची वाटणी तपासा, कारण थरथर आपोआप आलेली नसते.

आणि हो, सायकल उभी करणं! भरलेली सायकल भिंतीला टेकवली की पुढचं चाक वळतं आणि सायकल सरकत खाली बसते. जुन्या ट्यूबचं बोटभर रुंद कडं कापा आणि हँडलच्या मुठीवर कायम ठेवा. उभं करताना पुढचा ब्रेक दाबून ते कडं लिव्हरवर ओढायचं. हँडब्रेक तयार. माझ्या सगळ्या सामानात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त वापरलं गेलेलं हेच.

तर तुमच्यापुरतं उत्तर. पुढच्या फोर्कवर (पुढचं चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्यावर) एक नजर टाका. तो साधा, ताठ असेल आणि त्याच्या मधोमध दोन्ही बाजूंना बोल्टची भोकं असतील, तर लो-रायडर आणि चार लहान बॅगा हा चांगला पर्याय आहे, सामान अठरा-वीस किलोच्या आत ठेवून. हायब्रिडला पुढे सस्पेन्शन असेल (बऱ्याचदा असतं), तर पुढचा कॅरियर बसवण्याचा खटाटोप पहिल्याच टूरला करू नका. मागे दोन बॅगा, मिळून चाळीस लिटरच्या, हँडलवर एक छोटी, आणि सामान सोळा किलोवर आणा. चोवीसवरून सोळावर येणं आज अशक्य वाटत असेल, तर जमिनीवर मांडलेल्या त्या तीन ढिगांचा फोटो पाठवा. आठ किलो कुठे आहेत ते आपण मिळून शोधू.